दक्खिनी आणि मराठी

दक्खिनी आणि मराठी : दख्खनच्या पठारावर चौदाव्या शतकापासून शेजारी नांदत आलेल्या दोन भारतीय-आर्य भाषा. मराठीचे मूळ महाराष्ट्री प्राकृत व अपभ्रंशात शोधले जाते. दक्खिनी ही दिल्लीच्या परिसरातील बोलींपासून निघालेली आणि दक्षिणेत वाढलेली भाषा होय. दोहींच्या दीर्घ सहवासाचे एक प्रमुख क्षेत्र म्हणजे दौलताबाद, पैठण आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) यांचा परिसर.

तुलनेची तत्त्वे : दोन भाषांतील साम्य तीन कारणांनी संभवते : समान कुळ, दीर्घ सहवास किंवा स्वतंत्रपणे घडलेला योगायोग. क्रोएशियन ही स्लाव्ह गटातील भाषा मराठीप्रमाणेच इंडो-यूरोपीय कुळातील असल्यामुळे तिच्यातील ‘द्वा, त्री, चेतिरी’ या संख्यावाचकांचे संस्कृतशी व पर्यायाने मराठीशी असलेले नाते सहज ओळखू येते. बास्क भाषेचा मात्र कोणत्याही ज्ञात कुळाशी संबंध सिद्ध झालेला नाही. तिच्यातील ‘बी, हिरू, लाऊ’ ही संख्यावाचके सर्वस्वी निराळी आहेत. तथापि सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला वेगळा प्रत्यय लावण्याची रीत बास्कमध्ये आहे आणि मराठीच्या कर्मणी प्रयोगातही आहे; क्रोएशियनमध्ये ती नाही. तेव्हा रचनेतील साम्यावरून कुळ ठरविता येत नाही आणि कुळावरून सर्व रचना सांगता येत नाही. दक्खिनी व मराठी यांच्या बाबतीतही हा विवेक आवश्यक ठरतो.

सहवासाचा इतिहास : यादवांच्या काळी देवगिरीच्या परिसरात मराठी ग्रंथरचना भरास आली होती. अलाउद्दीन खल्जीची १२९६ मधील स्वारी, १३१८ मधील यादवसत्तेचा शेवट आणि १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने देवगिरीस दौलताबाद नाव देऊन तेथे केलेले राजधानीचे स्थलांतर, या घटनांमुळे उत्तरेकडील सैनिक, व्यापारी, कारागीर व सूफी येथे स्थायिक झाले. १३४७ मध्ये बहमनी सत्ता दिल्लीपासून वेगळी झाली. उत्तरेशी असलेला संबंध क्षीण झाला आणि या लोकांच्या बोलीस स्वतंत्र वळण लागले. पैठणच्या एकनाथांच्या (१५३३–९९) ‘हिंदु-तुर्क संवादा’त तुर्काच्या तोंडी आलेली भाषा, ही बोली मराठी श्रोत्यांच्या परिचयाची झाली होती याची साक्ष देते. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते, ही गोष्टही या संदर्भात लक्षणीय आहे.

व्याकरणातील साम्य-भेद : मराठीच्या सहवासाची सर्वांत स्पष्ट खूण म्हणजे ‘नको’ हा निषेधार्थक शब्द. प्रमाण उर्दूतील ‘मत जा’ याऐवजी दक्खिनीत ‘नको जा’ किंवा ‘नक्को जा’ असे म्हटले जाते. निश्चयार्थक ‘च’ हे अव्ययही तिने स्वीकारले असून ‘मीच’ या अर्थी ‘मैंइच’ असे रूप होते. प्रमाण उर्दूत तेथे ‘मैं ही’ येते. मराठीतील ‘म्हणून’प्रमाणे दक्खिनीत उद्धृत वाक्याच्या शेवटी ‘बोलके’ हा शब्द येतो. अशी रचना तेलुगू व कन्नड भाषांतही असल्याने तिला केवळ मराठीचे ऋण म्हणता येत नाही. ती साऱ्या दख्खनची समाईक ठेव होय. ‘समझ’ऐवजी ‘समज’ हा महाप्राण गळालेला उच्चार दोहींत आढळतो. परंतु दक्खिनीत महाप्राण इतरत्रही गळतो, त्यामुळे हे साम्य सहवासाचेच आहे असे निश्चितपणे म्हणता येत नाही.

भेदही तितकेच बोलके आहेत. मराठीत तीन लिंगे, तर दक्खिनीत दोनच आहेत. ‘त्याने पोळी खाल्ली’ या मराठी वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. प्रमाण उर्दूतही ‘उसने रोटी खाई’ असेच होते. दक्खिनीत मात्र अनेक ठिकाणी ‘वो रोटी खाया’ अशी कर्त्याप्रमाणे चालणारी रचना रूढ आहे. म्हणजे येथे मराठी ही शेजारच्या दक्खिनीपेक्षा दूरच्या उर्दूला अधिक जवळ आहे.

वाङ्‌मयीन स्थित्यंतर : विजापूर व गोवळकोंडे येथील दरबारांत दक्खिनी साहित्य बहरले, वजहीचा ‘सबरस’ (१६३५) हा गद्यग्रंथ त्यातील प्रसिद्ध होय. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीस पुढे औरंगाबाद हे नाव मिळाले. औरंगजेबाने १६८६ व १६८७ मध्ये ही दोन्ही राज्ये जिंकली, तेव्हा दक्खिनीचा राजाश्रय संपला आणि मोगल छावणीबरोबर उत्तरेची भाषा औरंगाबादेत आली. वली औरंगाबादी (१६६७–१७०७) याची कविता या संधिकाळातील आहे. त्याचा काव्यसंग्रह सु. १७२० मध्ये दिल्लीस पोहोचल्यावर तेथील कवी उर्दू काव्यरचनेकडे वळले. पुढे दिल्लीची भाषा प्रमाण मानली गेली आणि ज्या दक्खिनीने तिला काव्याची वाट दाखविली, ती केवळ बोली म्हणून उरली.

अभ्यास : ग्रीअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात (१९०५), तर दक्खिनी पश्चिमी हिंदीबरोबर नवव्या खंडात (१९१६) आली. कुळाच्या दृष्टीने ही विभागणी योग्य असली, तरी तीत सहवासाचे चित्र उमटत नाही. औरंगाबादेत दीर्घकाळ कार्य केलेल्या मौलवी अब्दुल हक (१८७०–१९६१) यांनी ‘सबरस’ संपादून प्रकाशात आणला, तसेच मराठीवरील फार्सीच्या प्रभावासंबंधी उर्दूत ग्रंथ लिहिला. मराठीत माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. देवीसिंह चौहान व श्रीधर रंगनाथ कुलकर्णी यांनी दक्खिनीचा मराठीच्या बाजूने विचार केला.

निजामी राजवटीत उर्दू राज्यकारभाराची आणि उस्मानिया विद्यापीठाच्या (स्थापना १९१८) शिक्षणाची भाषा होती. मराठी भाषिकांना उच्च शिक्षण स्वभाषेत मिळत नव्हते. त्यामुळे दोन भाषांमधील नाते पुष्कळदा सत्तेच्या वादात झाकोळले गेले. वस्तुतः राजभाषा झाली ती प्रमाण उर्दू. दक्खिनीला दरबारात वा शाळेत स्थान नव्हते. आजही दक्खिनी बोलणारी मुले शाळेत प्रमाण उर्दू, मराठी किंवा इंग्रजी शिकतात आणि ‘नको’, ‘मैंइच’ यांसारखी रूपे अशुद्ध म्हणून टाळली जातात. परंतु भाषेतिहासाच्या दृष्टीने ती अशुद्ध रूपे नव्हेत. लेखी साधनांत क्वचितच नोंदला गेलेला, सामान्य लोकांच्या सहा-सात शतकांच्या शेजाराचा तो पुरावा होय.