कामगार-प्रशिक्षण, नांदेड व लातूर भागांतील

काम करणाऱ्या व्यक्तीस त्या कामासाठी लागणारे ज्ञान व हस्तकौशल्य पद्धतशीरपणे देणे, यास कामगार-प्रशिक्षण म्हणतात. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत (लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला) या प्रशिक्षणाचा इतिहास बव्हंशी भाषेचा इतिहास आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शिकविण्याचे प्रयत्न अलीकडे सुरू झाल्यापासून तोच जुना प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला आहे.

हा सर्व प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१७ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या भाषांतर विभागाने (दारुत्तर्जुमा) विज्ञान, वैद्यक व अभियांत्रिकी या विषयांची परिभाषा उर्दूत घडविली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण त्या भाषेतून दिले. आधुनिक विद्या देशी भाषेत आणण्याचा हा मोठा उद्योग होता. परंतु मराठी बोलणाऱ्या कामकऱ्याला तीही परकीच होती. नांदेडच्या उस्मानशाही कापड गिरणीसारख्या कारखान्यांत नवखा कामगार पुस्तकावरून नव्हे, तर जुन्या कामगाराशेजारी उभा राहून काम शिके. ही गिरणी १९७४ च्या कायद्यान्वये राष्ट्रीयीकृत झाली व पुढे बंद पडली. तेथे मुरलेले कसब कोठेही लिहून ठेवलेले नसल्याने ते कामगारांबरोबरच पांगले.

केंद्र शासनाची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा आला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे अभ्यासक्रम मराठीत आले, तेव्हा व्यवसायांना जोडारी, कातारी, संधाता, तारतंत्री अशी नावे मिळाली. ती फलकांवर व प्रमाणपत्रांवर राहिली. कार्यशाळेत मात्र फिटर, टर्नर, वेल्डर आणि वायरमन हेच शब्द चालतात.

प्रशिक्षणाची खरी कसोटी लागली ती किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सु. आठ हजार माणसे मृत्यू पावली. घरांच्या जाड भिंती मातीत रचलेल्या गोट्यांच्या होत्या आणि त्यांवर माळवदाचा मोठा भार असे. उन्हाळ्यात थंडावा देणारी हीच रचना घातक ठरली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात गवंड्यांना भिंतीच्या दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड बसविणे, कोपरे मजबूत करणे, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर सलोह काँक्रीटचा पट्टा घालणे हे शिकविण्यात आले. गावोगावी ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलेल्या स्त्रियांनी घरमालकांना, विशेषतः गृहिणींना, या सुधारणांचे कारण त्यांच्याच बोलीत समजावून दिले. घर बांधणाऱ्याइतकेच घरात राहणाऱ्यालाही शिकवावे लागते, ही गोष्ट प्रशिक्षणाच्या अधिकृत आराखड्यांत अजूनही क्वचितच आढळते.

यंत्राद्वारे शिकविण्याची कल्पना याहून जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५०–६० या दशकात अध्यापन यंत्रे पुढे आणली. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये ‘प्लेटो’ ही संगणकीय अध्यापन-प्रणाली सुरू झाली. आणि १९७० मध्ये हाइमे कार्बोनेल यांनी वर्णिलेल्या ‘स्कॉलर’ या प्रणालीत विद्यार्थ्यालाही यंत्रास प्रश्न विचारता येऊ लागला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ खुले झाल्यानंतर असा संवाद सामान्य माणसाच्या हाती आला.

भारतात २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘मिशन कर्मयोगी’ अंतर्गत शासकीय कर्मचाऱ्यांसाठी संगणकीय पाठ्यक्रम सुरू झाले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे ‘अनुवादिनी’ हे साधन अभियांत्रिकीची पुस्तके भारतीय भाषांत आणण्यासाठी वापरले जाते आणि २०२२ पासून ‘भाषिणी’ हा केंद्रीय प्रकल्प वाणी-ओळख व भाषांतराचे कार्य करीत आहे. दारुत्तर्जुमाला जे कार्य माणसे बसवून वर्षानुवर्षे करावे लागले, ते आता यंत्र काही क्षणांत करते. मात्र दारुत्तर्जुमाच्या परिभाषेवर विद्वानांच्या समित्या वाद घालीत असत. यंत्राने योजलेल्या शब्दालाही तशी तपासणी लागते.

लातूर येथील रेल्वे डबा कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. अशा कारखान्यात लागणारे संधाते व वीजतंत्री स्थानिक मुलांतून घडवावयाचे, तर शंका विचारण्याची सोय त्यांच्या भाषेत हवी, आणि येथे यंत्राची अडचण सुरू होते. देगलूर-बिलोलीकडे मराठीत तेलुगू मिसळते, निलंगा-उदगीरकडे कन्नड, तर दखनीचे शब्द सर्वत्र आहेत. पुस्तकी मराठीवर शिकविलेले यंत्र ‘तारतंत्री’ जाणते, पण कार्यशाळेतील बोलणे त्याच्या कानावरून जाते. शिवाय असे यंत्र चुकीचे उत्तरही ठामपणे देते. पत्रलेखनात याने फारसे बिघडत नाही. अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीवर चढणाऱ्या शिकाऊ तारतंत्र्याच्या बाबतीत त्याचा अर्थ मृत्यू असा होऊ शकतो. म्हणून वीजपुरवठा बंद केल्याची खात्री, भूसंपर्कन आणि परवाना या पायऱ्या निदेशकाने समोर उभे राहूनच करवून घ्याव्या लागतात; यंत्राकडे उजळणी व प्रश्नोत्तरे सोपविता येतात. मद्रासच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील ‘एआयफॉरभारत’ हा गट भारतीय भाषांतील वाणीचे नमुने जमा करीत आहे. त्यांत नांदेड-लातूरच्या कामगारांचा आवाज किती असेल, यावर येथील पुढील प्रशिक्षणाचा बराचसा भाग अवलंबून राहील.