स्वरयंत्राचा कर्करोग : शस्त्रवैद्य व विकृतिवैज्ञानिक यांचे सहकार्य

स्वरयंत्राच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचे यश शस्त्रवैद्याच्या कौशल्याइतकेच विकृतिवैज्ञानिकाशी (रोगग्रस्त ऊतके तपासणाऱ्या तज्ञाशी) होणाऱ्या अचूक विचारविनिमयावर अवलंबून असते. जर्मन सम्राट तिसरे फ्रीड्रिख (१८३१–८८) यांच्या आजारात याचे महत्त्व प्रकर्षाने दिसून आले.

फ्रीड्रिख युवराज असताना जानेवारी १८८७ मध्ये त्यांचा आवाज घोगरा झाला. डाव्या स्वरतंतूवरील वाढ कर्करोगाची आहे, असे निदान करून जर्मन वैद्यांनी ती बाहेरून स्वरयंत्र उघडून काढण्याचे ठरविले. तत्पूर्वी लंडनहून पाचारण केलेल्या मॉरेल मॅकेंझी (१८३७–९२) यांनी जीवोतक परीक्षेचा (जिवंत रुग्णाच्या ऊतकाचा तुकडा काढून तपासण्याचा) आग्रह धरला. मे-जूनमध्ये त्यांनी तोंडावाटे काढलेले लहान तुकडे रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी तपासले. त्यांत कर्करोग आढळला नाही. मात्र एवढ्या तुकड्यांवरून संपूर्ण विकाराविषयी निश्चित सांगता येणार नाही, असेही फिरखो यांनी नमूद केले. ही मर्यादा दुर्लक्षित राहिली व शस्त्रक्रिया टळली. नोव्हेंबर १८८७ मध्ये कर्करोगाचे निदान मान्य झाले. केवळ ९९ दिवस राज्य करून फ्रीड्रिख १५ जून १८८८ रोजी मृत्यू पावले. शवपरीक्षेत कर्करोग सिद्ध झाला. त्या काळी ही शस्त्रक्रिया अतिशय धोक्याची असल्याने तिने ते वाचले असतेच, असे म्हणता येत नाही.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये लूइस बी. विल्सन यांनी १९०५ मध्ये ताजे ऊतक गोठवून त्याचे पातळ छेद त्वरित रंगविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे रुग्ण शस्त्रक्रियेच्या मेजावर असतानाच विकृतिवैज्ञानिकाचे मत मिळणे सुकर झाले.

तथापि वेगाने संदिग्धता नाहीशी होत नाही. काढलेला भाग आकसतो व त्याची दिशा ओळखणे कठीण होते. म्हणून शस्त्रवैद्य टाके घालून किंवा शाई लावून कडा दर्शवितो. कडेचा नमुना काढलेल्या भागातून घेतला की रुग्णाच्या जखमेतून, तसेच पूर्वी किरणोपचार झाले होते काय, हेही त्याने कळविणे आवश्यक असते. विकृतिवैज्ञानिक रोग कोणत्या कडेपासून किती मिलिमीटर अंतरावर आहे, हे सांगतो. स्वरतंतूवर काही मिलिमीटरांवरही आवाजाचे रक्षण अवलंबून असल्याने शंका असल्यास दोघांनी नमुना एकत्र पाहणे इष्ट ठरते. ‘या तुकड्यात रोग आढळला नाही’ आणि ‘रोग नाही’ या दोन विधानांतील भेद जपणे, हे या सहकार्याचे मुख्य प्रयोजन होय.