बर्फाचा आवाज

बर्फ म्हटले की आपल्याला आठवतो उसाच्या रसातला खडा, नाहीतर मासळीच्या टोपलीतली लादी. त्याला आवाज असतो असे कुणी म्हटले तर आपण हसू. पण गेल्या पाऊणशेएक वर्षांत युरोपातल्या काही संगीतकारांनी ध्रुवावरचा बर्फ नादात पकडण्यासाठी मोठी खटपट केली. तिची ही हकीकत.

आरंभ होतो एका शोकांतिकेपासून. कॅप्टन स्कॉट चार सोबत्यांसह १७ जानेवारी १९१२ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. पाहतो तो आमुंडसेन आधीच येऊन गेलेला! परतीच्या वाटेवर पाचही जण गेले. १९४८ साली या मोहिमेवर चित्रपट निघाला. त्याला संगीत दिले रेफ व्हॉन विल्यम्स यांनी, आणि त्यातूनच पुढे आपली सातवी सिंफनी रचली. १४ जानेवारी १९५३ रोजी मँचेस्टरला ती प्रथम वाजली, तेव्हा हे गृहस्थ ऐंशी वर्षांचे होते. अंटार्क्टिका त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. मग थंडी आणली कुठून? वाद्यवृंदात त्यांनी चक्क वाऱ्याचे यंत्र ठेवले. यंत्र कसले, लाकडी पट्ट्यांचे एक पिंप, त्यावर ताणलेले कापड आणि फिरवायला दांडा. हळू फिरवा, झुळूक. जोरात फिरवा, वादळ. जोडीला स्त्रियांचे आवाज, पण शब्द एकही नाही. हिमनदीच्या ठिकाणी तर प्रचंड ऑर्गन असा गर्जतो की छातीत धडकी भरावी. तरीही मला वाटते, ही थंडी माणसाच्या मनातली आहे. नाटक माणसाचे, बर्फ मागचा पडदा.

पुढे टेपरेकॉर्डर हाताशी आला. फिनलंडच्या राउतावारा यांनी उत्तरेकडच्या पाणथळीत पक्ष्यांचे आवाज टिपले आणि १९७२ साली ते वाद्यवृंदाबरोबर वाजवले. चंडोलाच्या जातीतल्या एका पाखराचा सूर त्यांनी दोन सप्तके खाली उतरवला. एवढेसे पाखरू, पण भुतासारखे घुमू लागते!

अशात १९७८ साली ब्रायन ईनो या इंग्रजाने विमानतळासाठी म्हणून एक संगीत काढले. त्याला ‘अँबियंट’ म्हणतात. आपण परिसर-संगीत म्हणू. ठेका नाही, समेवर येणे नाही. लक्ष द्या, न द्या, ते खोलीतल्या हवेसारखे भरून राहते. ध्रुवप्रदेशाला हे फार मानवले. जर्मनीच्या टोमास क्योनर यांनी १९९० साली गाँगच्या, म्हणजे शाळेतल्या तासासारख्या थाळीच्या, नादांवर यंत्राचे संस्कार करून बर्फाळ पठाराचा भास उभा केला. नॉर्वेच्या गाइर येन्सेन यांची ‘सबस्ट्राटा’ ही ध्वनिमुद्रिका १९९७ची. त्यांचे गाव ट्रॉम्सो. शिक्षकांनी मुलांना पृथ्वीच्या गोलावर ते जरूर दाखवावे: तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. या संगीतात माणूस जवळजवळ दिसेनासा होतो.

आता हे ऐकायचे कसे? गाणे कधी सुरू होणार म्हणून वाट पाहाल तर फसाल. संथ आलापीला बसतो तसे, दिवा मंद करून बसावे. यातले पुष्कळसे रटाळ असते, बरं का. घूं-घूं वारा घातला की झाला ध्रुव, असे समजणारेही आहेत.

आणि खरा बर्फ? पेल्यातल्या पाण्यात बर्फाचा खडा टाकून कान द्या, तो तडकतो. हिमनदीचा मामला निराळा. तिच्या बर्फात जुन्या काळची हवा बुडबुड्यांत दाबून कोंडलेली असते. तो समुद्रात वितळू लागला की बुडबुडे फुटतात, आणि पाण्याखाली मायक्रोफोन सोडला तर कढईत फुटाणे उडावेत तशी तडतड ऐकू येते. हिमनद्या जिथे समुद्राला मिळतात त्या खाड्या समुद्रातल्या सर्वांत गोंगाटाच्या जागांपैकी आहेत, असे शास्त्रज्ञांनी २०१५ साली मोजमापे घेऊन दाखवले. हवा तापत चालली आहे, हिमनद्या मागे हटत आहेत. हटता हटता हिमनदी जमिनीवर चढली की खाली खाडी गप्प होते. त्या गोंगाटाच्या आडोशाला सील शिकारी देवमाशांपासून लपत असावेत, असा या शास्त्रज्ञांचा तर्क आहे.