काबूलच्या तिजोरीत कोणाचा पैसा?

मंडळी, अफगाणिस्तानला ‘साम्राज्यांची दफनभूमी’ म्हणायची एक रीतच पडून गेली आहे. ऐकायला भारदस्त वाटतं, पण त्यातून त्या देशाबद्दल काहीच कळत नाही. आपण आज साधा प्रश्न विचारू : तिथलं राज्य कोणाच्या पैशावर उभं राहिलं?

१८८० मध्ये अब्दुर रहमान काबूलचा अमीर झाला. उत्तरेकडून रशिया मध्य आशिया गिळत येत होता, दक्षिणेला इंग्रज होते आणि दोघांनाही आपल्या सीमा एकमेकांना भिडायला नको होत्या. इंग्रजांनी १८८३ पासून अमिराला सालाना १२ लाख रुपये सुरू केले. १८९३ मध्ये ड्युरँड सीमारेषा ठरवून गेला तेव्हा त्याचे १८ लाख झाले. रुपये बरं का, पौंड नव्हेत! हिंदुस्थानच्या तिजोरीतले; म्हणजे त्यात आपल्या खापरपणजोबांचा शेतसाराही आला. शिवाय बंदुका. बदल्यात परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या मुठीत. १८९५ मध्ये तर या दोन सत्तांनी आपापसात ठरवून वाखानची चिंचोळी पट्टी अमिराच्या पदरात टाकली. त्याला ती फारशी नकोच होती.

अमिराने या पैशातून सैन्य बांधलं. ते चाललं मुख्यतः घरच्याच माणसांवर : आधी घिलझाईंवर, मग हजारांवर, शेवटी काफिरिस्तानवर. हजारांची तर कत्तल झाली, कित्येक जण गुलाम म्हणून विकले गेले. कर त्यानेही निष्ठुरपणे वसूल केले, पण वसुलीचा दंडुका बाहेरून आलेला होता. रेल्वे मात्र त्याने येऊ दिली नाही. रुळांवरून माल येतो तशी फौजही येते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

माझा मूळ विषय तत्त्वज्ञान. आम्ही वर्गात सामाजिक करार शिकवतो, त्यात लोक असतात आणि राज्यसत्ता असते. इथे खर्च उचलणारा तिसराच! मग रयतेची संमती मागायची गरज कोणाला?

१९१९ मध्ये अमानुल्लाने स्वातंत्र्य मिळवलं आणि तो तनखा बंद झाला. आता शाळा, कायदे, सैन्यभरती, सगळ्याचा खर्च स्वतःच्याच लोकांकडून काढायचा होता. १९२९ मध्ये त्याची गादी गेली. बुरख्यामुळे गेली असं सांगतात. ते अर्धंच खरं आहे. रोख कर आणि सक्तीची भरती या गोष्टीही लोकांच्या डोक्यात होत्या.

पुढे शीतयुद्धात दाऊदने दोन्हीकडून मदत घेतली : सालंगचा बोगदा सोव्हिएतांचा, कंदहारचा विमानतळ अमेरिकेचा. वरवर पाहता केवढी चतुराई! पण खर्चाचा मोठा भाग पुन्हा बाहेरच्याच पैशातून.

१९८९ मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या तेव्हा नजीबुल्ला काही महिन्यांतच कोसळेल असं जाणकार म्हणत होते. तो तीन वर्षं टिकला, कारण मॉस्कोहून पैसा, धान्य, इंधन येत होतं. १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघच उरला नाही, मदत आटली, आणि एप्रिल १९९२ मध्ये काबूल गेलं. २०२१ चं तुम्ही टीव्हीवर पाहिलंच आहे, ते मी सांगत बसत नाही.