राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था, चेन्नई

वाऱ्याची मोजणी, पवनचक्क्यांची चाचणी व प्रमाणन आणि प्रशिक्षण यांसाठी केंद्र सरकारने स्थापलेली स्वायत्त संस्था. १९९८ मध्ये चेन्नईच्या दक्षिण भागातील पळ्ळिक्करणै येथे ‘सेंटर फॉर विंड एनर्जी टेक्नॉलॉजी’ या नावाने सुरू झाली. सध्याचे नाव २०१४ पासून. उभारणीला डेन्मार्कचे साहाय्य होते. चाचणी केंद्र कयत्तार (जि. तूत्तुकुडी) येथे आहे.

पूर्वपीठिका : मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या ॲना मणी (१९१८–२००१) १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. हवामानाची उपकरणे देशातच घडावीत आणि त्यांची मापे परस्परांशी जुळावीत, हा त्यांचा आग्रह होता. द. अ. मुळे यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेले ‘विंड एनर्जी डेटा फॉर इंडिया’ हे वाऱ्याच्या आकडेवारीचे पुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८६ मध्ये गुजरात, महाराष्ट्र व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर पहिले प्रात्यक्षिक प्रकल्प उभे राहिले. भारतीय पवन ऊर्जेचा खरा पाया या पुस्तकातील आकड्यांच्या तक्त्यांत आहे.

मोजणी : वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग १० टक्के जास्त धरला, तर ऊर्जेचा अंदाज ३३ टक्क्यांनी फुगतो आणि कर्ज काढून उभारलेला प्रकल्प तोट्यात जाऊ शकतो. म्हणून मनोऱ्यांवरील वारामापकांच्या दीर्घकालीन नोंदी मोलाच्या ठरतात. संस्थेने डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेसह २०१० मध्ये देशाचा पवन नकाशा तयार केला. त्यात ५० मी. उंचीवरील क्षमता सुमारे ४९ गिगावॅट मानली होती. नंतरच्या अंदाजांत ती १०० मी.वर ३०२ आणि १२० मी.वर ६९५ गिगावॅट झाली. उंचीबरोबर नकाशाची बारकाई व जमिनीविषयीची गृहीतकेही बदलल्याने या आकड्यांची थेट तुलना करू नये. सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळेही संस्थेने २०११ पासून उभारले.

तमिळनाडू : पालघाट, शेंगोट्टै व आरल्वाय्मोळी या खिंडींतून नैर्ऋत्य मोसमी वारा वेगाने घुसतो, मुप्पंदल परिसरातील पवनचक्क्यांची दाटी त्यामुळेच. बहुतेक वीज मे ते सप्टेंबर या काळात मिळते.

प्रशिक्षण : विकसनशील देशांतील अभियंत्यांसाठी आंतरराष्ट्रीय वर्ग चालतात.

सागरी पवन ऊर्जा : गुजरात व तमिळनाडूलगत प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी केंद्राने २०२४ मध्ये ७,४५३ कोटी रु.ची योजना मंजूर केली.

परिणाम : पवन प्रकल्पांसाठीच्या जमिनींचे व्यवहार व मोबदला यांबाबत मतभेद आहेत. जैविक परिणामांचा महत्त्वाचा अभ्यास साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर झाला (२०१८). पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी इतर भागाच्या सुमारे एक-चतुर्थांश आढळले आणि त्यांचे भक्ष्य असलेल्या सरड्यांची संख्या वाढलेली दिसली. या सरड्यांच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘सरडा’ या मराठी शब्दावरूनच पडले आहे. मनोरा उभारण्यापूर्वी वाऱ्याच्या नोंदी घेतात, तशाच पठारावरील गवताच्या, पक्ष्यांच्या व सरड्यांच्या नोंदीही घेतल्या जाणे अत्यावश्यक आहे.