नाव एक, वाटे अनेक : पारले, हल्दीराम अन् किर्लोस्कर घराण्यांची वाटणी

अकोला/अमरावती : वावराची वाटणी झाली की मोजणी होते, बांध पडतो, सातबारा वेगळा होतो. पण घराण्याने कमावलेल्या नावाची वाटणी कशी करायची? चहासोबतचं बिस्कीट, पाहुण्यांपुढचा चिवडा अन् विहिरीवरची मोटार, या तिन्ही वस्तूंमागच्या घराण्यांना हा प्रश्न पडला होता.

पारले : पाच भावांचा कारखाना

गुजरातेतून मुंबईत आलेले मोहनलाल दयाल चौहान हे मूळचे शिवणकाम करणारे. त्यांनी 1929 मध्ये मुंबईच्या विलेपार्ले भागात गोळ्या-चॉकलेटचा छोटा कारखाना टाकला. कामाला जेमतेम बारा माणसं. गावाचंच नाव मालाला मिळालं. दहाएक वर्षांनी बिस्किटं सुरू झाली. आधीचं नाव पारले ग्लुको, पुढे 1982 च्या सुमारास ते पारले-जी झालं.

मोहनलाल यांना पाच मुलं. पुढे धंदे वेगळे झाले. बिस्किटं एका शाखेकडे राहिली. थंड पेयांचा धंदा जयंतीलाल यांच्या शाखेकडे गेला. थम्स अप 1977 मध्ये याच शाखेने आणलं आणि 1993 मध्ये कोका-कोलाला विकलं. त्या शाखेचेही पुढे दोन भाग झाले. फ्रूटी एका भावाची, बिसलेरी दुसऱ्याची. म्हणजे पारले-जी अन् फ्रूटी आज एका मालकाची नाही. फ्रूटीवाल्या कंपनीने 'पारले' नावाने गोळ्या-चॉकलेट काढल्यावर बिस्कीटवाल्यांनी कोर्ट गाठलं होतं.

हल्दीराम : नागपूर वेगळं, दिल्ली वेगळी

बिकानेरचे गंगाबिशन अग्रवाल भुजिया शेव विकायचे. त्यांचं लाडाचं नाव हल्दीराम. त्यांचे नातू शिवकिसन नागपुरात आले अन् इथे धंदा वाढवला. संत्रा बर्फीमुळे विदर्भात हे नाव घरोघरी गेलं. दोन भावांनी दिल्ली धरली. चुलत घराणं कोलकात्यात होतं. एक भाऊ बिकानेरातच राहिला, त्याने 'बिकाजी' हे नवीनच नाव काढलं.

भाग वाटून घेतले होते, पण कोलकात्याच्या घराण्याने दिल्लीत दुकान टाकलं आणि वाद पेटला. नाव कोणी कुठे वापरायचं, यावर वर्षानुवर्षं खटला चालला. नागपूर अन् दिल्लीवाल्यांनी मात्र उलटी वाट धरली. पाकीटबंद फराळाचा धंदा दोघांनी 2025 मध्ये एका कंपनीत आणला. दिल्लीकडे 56 टक्के, नागपूरकडे 44 टक्के असा हिस्सा ठरला.

किर्लोस्कर : नांगरापासून पंपापर्यंत

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 चा, बेळगाव भागातला. त्यांनी भावासोबत बेळगावात सायकलचं दुकान चालवलं. पुढे कडबा कापायचं यंत्र अन् लोखंडी नांगर काढला. लोखंडानं जमीन नासते, असा त्या वेळी शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. औंध संस्थानने जागा दिली अन् 1910 मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

पुढे कंपन्या वाढल्या. पंप एका भावाच्या कंपनीकडे, इंजिनं दुसऱ्या भावांकडे. 2009 मध्ये लेखी कौटुंबिक करार झाला. तरी एकमेकांच्या धंद्यात उतरायचं की नाही, यावरून भाऊ कोर्टात गेले. 2021 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं, तेव्हा न्यायालयानेही आपसात मिटवून घेण्याचा सल्ला दिला.

आपल्याकडे काय कामाचं?

अकोल्यात डाळ मिल भाऊभाऊ मिळून चालवतात. अमरावतीकडे बचत गट हळद, तिखट, पापड पाकिटात भरून विकतात. नाव चालायला लागलं की ते विकण्यासारखी मालमत्ता होते. म्हणून एवढं ध्यानात ठेवावं :

- नावाची नोंदणी म्हणजे ट्रेडमार्क. ती अन्न परवान्यापेक्षा वेगळी. परवाना काढला म्हणून नाव आपलं होत नाही.
- एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे. मसाले, हळद-तिखट 30 क्रमांकाच्या वर्गात येतात.
- नोंदणी 10 वर्षं चालते, मग नूतनीकरण करावं लागतं.
- अर्ज कोणाच्या नावावर आहे, ते आधीच ठरवा. एका भावाच्या नावावर नोंद झाली तर कागदावर मालक तोच.
- वेगळं निघायचं झालं तर कोणी कोणता माल, कोणत्या भागात, कोणत्या नावाने विकायचा हे लिहून घ्या.

किर्लोस्करांचा तर लेखी करार होता, तरी भांडण झालं. जिथे कागदच नाही, तिथे बांधावरच्या भांडणापेक्षा नावाचं भांडण महागात पडतं. बांध निदान मोजता येतो.