सांगोला : बालेकिल्ल्याचे गणित

महाराष्ट्र विधानसभेच्या निकालांच्या यादीत सांगोला मतदारसंघासमोर एक नाव अकरा वेळा येते : गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्ष. पहिल्यांदा १९६२ मध्ये, शेवटचे २०१४ मध्ये. त्यामुळे या मतदारसंघाविषयी लिहिताना 'बालेकिल्ला' हा शब्द सहज वापरला जातो. बालेकिल्ला म्हणजे जिथे शत्रूचा शिरकाव होत नाही अशी जागा. सांगोल्याचे निकाल क्रमाने वाचले तर हे वर्णन तपासून घ्यावे लागते.

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला असलेला हा तालुका पर्जन्यछायेतला. माण नदी तालुक्यातून जाते, पण वर्षातला बराच काळ तिचे पात्र कोरडेच. ज्वारी-बाजरी, मेंढपाळी, खिलार जनावरांचा बाजार आणि अलीकडच्या दशकांत डाळिंब, अशी इथली अर्थव्यवस्था. शेजारच्या बागायती तालुक्यांप्रमाणे उसावर आणि साखर कारखान्यावर उभी राहिलेली काँग्रेसची सत्ता इथे तेवढ्या जोराने रुजली नाही. शेतकरी कामगार पक्षाला जागा मिळाली ती या पोकळीत.

तो पक्ष काँग्रेसमधूनच निघाला होता. १९४७-४८ च्या सुमारास शंकरराव मोरे, केशवराव जेधे प्रभृतींनी त्याची उभारणी केली; पुढे मोरे आणि जेधे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात पक्षाला बळ मिळाले, पण राज्य स्थापन होताच काँग्रेसची पकड घट्ट झाली. १९६२ च्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने घेतल्या. शेकापच्या वाट्याला आल्या १५. त्यांतली एक सांगोल्याची. निवडून आलेले गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातील पेनूरचे, व्यवसायाने वकील. म्हणजे ज्यांना तालुका पुढे घरच्यासारखे 'आबासाहेब' म्हणू लागला, ते मुळात बाहेरून आलेले होते.

१९६७ मध्ये ते पुन्हा जिंकले आणि १९७२ मध्ये हरले. त्या वर्षी राज्यात काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. सांगोल्यातून काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. हेच वर्ष महाराष्ट्राच्या स्मरणात राहिलेल्या भीषण दुष्काळाचे. पुढे १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि जागा गणपतरावांकडे परत आली. १९७८, १९८०, १९८५, १९९० या चारही निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९७८ मध्ये पुलोद सरकारात ते मंत्री झाले. मतदारसंघात मात्र त्यांची ओळख मंत्रिपदापेक्षा दोन कामांवर उभी राहिली.

पहिले काम सहकाराचे. कापूस फारसा न पिकणाऱ्या तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि ती चालवून दाखवली. राज्यातील अनेक सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडत असताना हे उदाहरण ठळक दिसले. दुसरे काम पाण्याचे. १९९० च्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्याबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांतून त्यांनी सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुक्यांचा प्रश्न लावून धरला. मागणी साधी होती : कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी गावांना द्या आणि ते समान वाटा. टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांच्या इतिहासात या चळवळीचा वाटा मोठा आहे.

इतके असूनही १९९५ मध्ये ते पडले. काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील १९२ मतांनी विजयी झाले. एखाद्या वाडीची मते इकडची तिकडे झाली असती तर निकाल फिरला असता. १९९९ मध्ये मतदारांनी आबासाहेबांना परत पाठवले, विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्रीही झाले. नंतर २००४, २००९ आणि २०१४ असे आणखी तीन विजय. सगळी मिळून सुमारे अर्धशतकाची आमदारकी झाली.

या कारकिर्दीची चर्चा बहुधा विक्रमाच्या अंगाने होते. परंतु केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी १९६५ पासून अखेरपर्यंत एकदाही न हरता निवडून येत राहिले. सांगोल्याने आपल्या आमदाराला दोनदा घरी बसवले आणि दोन्ही वेळा परत बोलावले. ज्या मतदाराला नाकारता येते, त्याच्याच होकाराला किंमत असते. सांगोल्याच्या अकरा विजयांना ती किंमत या दोन पराभवांनी दिली.

अलीकडच्या तीन निवडणुकांचे आकडे शेजारी ठेवले की चित्र आणखी स्पष्ट होते. २०१४ मध्ये गणपतरावांना सुमारे ९४ हजार मते पडली, शिवसेनेच्या शहाजीबापूंना ६९ हजार. फरक २५ हजारांचा. तेव्हा शिवसेना आणि भाजप स्वतंत्र लढले होते. २०१९ मध्ये वयोमानामुळे आबासाहेब उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख यांना उमेदवारी मिळाली. ते ७६८ मतांनी हरले आणि 'आबा नसतील तर शेकाप नाही' असा अर्थ काढला गेला. प्रत्यक्षात अनिकेत यांची मते होती ९८ हजारांच्या वर, म्हणजे आजोबांच्या २०१४ मधील मतांपेक्षा जास्त. शेकापचा मतदार जागचा हलला नव्हता. युती झाली होती, दीपक साळुंखे यांची साथ शहाजीबापूंना मिळाली होती, आणि विरोधी मते एका नावामागे गोळा होऊन ९९ हजारांच्या पुढे गेली होती.

जुलै २०२१ मध्ये गणपतरावांचे निधन झाले. पुढच्या वर्षी शिवसेना फुटली. गुवाहाटीतल्या मुक्कामातील शहाजीबापूंचे फोनवरचे झाडी-डोंगर-हाटिलाचे वर्णन राज्यभर गाजले. २०२४ मध्ये शेकापने दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांना उभे केले. शिंदे गटाकडून शहाजीबापू, ठाकरे गटाकडून दीपक साळुंखे. बाबासाहेबांना १ लाख १६ हजार, शहाजीबापूंना सुमारे ९१ हजार, साळुंखेंना सुमारे ५१ हजार मते मिळाली. शेकाप २५ हजारांनी जिंकला, जवळपास २०१४ इतक्याच फरकाने. 'बालेकिल्ला परत मिळाला' अशी वाक्ये पुन्हा छापून आली. पण दोन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या मतांची बेरीज १ लाख ४१ हजारांच्या घरात जाते. म्हणजे विजयी उमेदवाराहून सुमारे २५ हजार जास्त. जेवढ्याने शेकाप जिंकला, साधारण तेवढ्यानेच तो एकत्रित विरोधकांच्या मागे होता. ही सगळी मते एकाच ठिकाणी गेली असती असे नाही; तरी २०१९ चा अनुभव दुर्लक्षिण्याजोगा नाही.

या हिशेबाला स्थानिक कुतूहलापलीकडे महत्त्व आहे. २०१४ मध्ये शेकापचे तीन आमदार होते : अलिबाग, पेण आणि सांगोला. २०२४ मध्ये उरला तो एकटा सांगोला. रायगडमधील गड गेल्यावर विधानसभेतील पक्षाचे अस्तित्व या एका दुष्काळी तालुक्यावर येऊन ठेपले आहे.

सांगोल्याचा इतिहास सांगतो की इथे जवळजवळ निम्मा मतदार नेहमीच विरोधात राहिला आणि उरलेल्या निम्म्याला सूतगिरणीने, पाण्याच्या लढ्याने, नेत्याच्या साध्या राहणीने दर पाच वर्षांनी नव्याने जोडून ठेवावे लागले. ज्या वेळी हे बांधकाम तोकडे पडले किंवा समोरची फळी एकवटली, त्या वेळी १९२ किंवा ७६८ मते पुरेशी झाली. पुढच्या निवडणुकीत आडनाव तेच असेल, पक्षचिन्हही कदाचित तेच असेल. तेवढ्यावर मत मिळते असे मात्र या तालुक्याने साठ वर्षांत कधी म्हटलेले नाही.